पीक बुडालं तर नुकसान कोणी सोसायचं? एकत्र येऊन अन्नव्यवस्था उभी करण्याबद्दल

मातीवेडी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय. टिकाऊ शेती, जवळचं अन्न, सप्लाय चेन यावर बोलणं निघालं की गाडी लगेच तंत्रावर जाते, कुठलं खत, कुठलं बियाणं, ठिबक की तुषार, सेंद्रिय की नाही. हे सगळं महत्त्वाचंच आहे पण मला वाटतं मूळ प्रश्न दुसराच आहे आणि तो कोणी विचारत नाही, वर्ष वाईट गेलं तर फटका कोणी सोसायचा? आज बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, जो पिकवतो त्याने. पाऊस आला नाही, कीड पडली, भाव पडला, ट्रक आला नाही, सगळं त्याच्याच अंगावर. आणि अशी माणसं एकेक करून शेती सोडत गेली तर व्यवस्था बाहेरून कितीही हिरवी दिसू दे, ती तग धरणार कशी?

जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावाची पद्धत रुजली. औद्योगिक प्रदूषण आणि कीटकनाशकांच्या बातम्यांनी धास्तावलेल्या शहरातल्या बायकांनी गट केले, थेट शेतकऱ्यांकडे गेल्या आणि ठरवलं की तुम्ही विषाशिवाय पिकवा, जे येईल ते सगळं आम्ही घेऊ. सगळं म्हणजे सगळं, वाकडंतिकडं, कमी आलेलं, एकदम भरमसाट आलेलं. तिथल्या सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये याची दहा तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच असं की हे नातं खरेदीविक्रीचं नसून एकमेकांना मदत करण्याचं आहे. भाव दोघांनी बसून ठरवायचा, वाटप आपापलं करायचं आणि गटाचा आकार आवाक्यात ठेवायचा हेही त्यात आहे. नंतर अमेरिकेत १९८६ च्या सुमाराला अशाच धर्तीचे गट सुरू झाले, तिथे पेरणीआधीच हंगामाचे पैसे द्यायचे आणि जे पिकेल त्यातला वाटा घ्यायचा. फ्रान्समध्ये २००१ पासून.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे वाईट वर्षाबद्दल आधीच बोलून ठेवलेलं असतं. तुमच्यापैकी कोणी अशा गटात असाल तर काय टिकलं आणि काय मोडलं ते लिहा. फक्त 'सगळ्यांनी एकत्र यायला हवं' एवढंच नको, ते आपल्याला सगळ्यांना माहितीये.

नदीकाठी

फार चांगला विषय, वाचतेय. सवडीने लिहिते.

हिशेबी

मूळ मुद्दा पटला. पण एक अडचण आहे जी अशा चर्चेत नेहमी मागे पडते. आधी पैसे भरायचे म्हणजे ज्याच्याकडे आधी पैसे आहेत तोच गटात येणार ना? ज्याचं घर रोजच्या कमाईवर चालतं तो पूर्ण हंगामाचे पैसे पेरणीआधी कुठून देणार, आणि वर कमी पीक आलं तर ते सोसायची ताकद त्याच्यात कुठे आहे. मग शेतकऱ्याची जोखीम वाटून घेणारा गट बनतो तो सुखवस्तू लोकांचा, बाकीचे पुन्हा बाहेरच. हे झालं तर त्याला अन्नव्यवस्था म्हणता येणार नाही, तो एक छोटा चांगला क्लब झाला.

यावर उपाय आहेत. काही गट वाट्याची एकच किंमत ठेवत नाहीत, वर्षाचा एकूण खर्च सगळ्यांसमोर मांडतात आणि प्रत्येकजण आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगतो, बेरीज खर्चाला पुरली नाही तर पुन्हा एक फेरी. जर्मनीतले बरेच गट हे असं करतात. हप्ते ठेवता येतात, पैशाऐवजी कामाचे तास घेता येतात. पण यासाठी हिशेब पूर्ण उघडा ठेवावा लागतो, शेतकऱ्याची स्वतःची मजुरी किती धरली आहे ते सुद्धा. तिथेच बरेच गट कचरतात.

जुनं उदाहरण द्यायचं तर १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड जमवून दुकान काढलं. कामगार माणसं, त्यात विणकर बरेच. भेसळ नसलेलं पीठ, लोणी, साखर असा थोडकाच माल. त्यांनी नियम काय ठेवले बघा, एका माणसाला एकच मत मग भांडवल कितीही असो, आणि नफा वाटायचा तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. म्हणजे गरीब सभासदाला सुद्धा दुकान आपलं वाटायला ठोस कारण होतं. त्यांच्या आधीही अशी दुकानं निघाली होती आणि बुडाली होती, रॉचडेलचं टिकलं ते नियमांमुळे असं माझं मत आहे.

बियाणेवाला

जोखमीचा मुद्दा बियाण्यालाही लागू होतो, तो जरा सविस्तर लिहितो कारण इथे तो सगळ्यात कमी दिसतो.

अमेरिकेत १९७० मध्ये मक्यावर करपा आला आणि देशाचं जवळजवळ १५ टक्के पीक गेलं. कारण काय तर तिथल्या बहुतांश संकरित मक्यात एकाच प्रकारचं पेशीद्रव्य (पेशीतला केंद्रकाबाहेरचा द्रव) होतं, ज्याला टेक्सास पेशीद्रव्य म्हणतात. ते वापरलं की मक्याचा तुरा वांझ निघतो त्यामुळे बियाणं तयार करताना हाताने तुरे खुडायची मजुरी वाचते. प्रत्येक बियाणे उत्पादकाने स्वतःपुरता बरोबर निर्णय घेतला. प्रत्येक शेतकऱ्याने जास्त उतारा देणारं बियाणं घेतलं, तेही बरोबर. आणि सगळ्यांचे बरोबर निर्णय मिळून देशभर एकच कमकुवत जागा तयार झाली, बुरशीचा नेमका तोच प्रकार आला जो या पेशीद्रव्यावर तुटून पडतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं जे झालं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे, गरिबांच्या ताटात लम्पर नावाची एकच जात, सुमारे १० लाख माणसं गेली आणि त्याच काळात देशातून धान्य बाहेर जात होतं.

म्हणून मी म्हणतो की वाणांची विविधता ही एकट्याने राखायची गोष्ट नाहीच. कमी उतारा देणारा पण दुष्काळात उभा राहणारा वाण एका शेतकऱ्याने लावला तर चांगल्या वर्षी तो एकटा तोट्यात जातो, आणि वाईट वर्षी त्याचा फायदा मात्र अख्ख्या गावाला, कारण बियाणं त्याच्याकडेच मागायला येतात. मग चांगल्या वर्षीची त्याची तूट सगळ्यांनी भरून द्यायला नको का? दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमध्ये पिसाकजवळ क्वेचुआ या मूळनिवासी समाजांनी मिळून पोटॅटो पार्क केलाय, जमीन एकत्र सांभाळतात, आणि २००४ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून तिथे साठवलेल्या आपल्याच जुन्या जाती परत आणल्या. आता तिथे हजाराहून जास्त प्रकारचे बटाटे आहेत, वेगवेगळ्या उंचीवर लावतात, उन्हाळे वाढले तशा काही जाती वर वर सरकवाव्या लागताहेत. हे काम एका कुटुंबाला झेपलं असतं का?

बियाणं फक्त गोठवून ठेवणं पुरेसं नाही हेही सांगतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जगभरातलं बियाणं थंडीत जपून ठेवायची तिजोरी आहे, तिच्यातून पहिल्यांदा बियाणं काढावं लागलं ते २०१५ मध्ये, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बियाणे बँकेचं काम बंद पडलं तेव्हा. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं आणि २०१७ मध्ये नवीन बियाणं परत ठेवलं. म्हणजे तिजोरी आहे पण पेरणारे हातही लागतात, आणि एका देशात अडलं तर दुसऱ्या देशात कोणीतरी तयार असावं लागतं.

सांजवेळ

@बियाणेवाला तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'सगळ्यांचे बरोबर निर्णय मिळून' हे वाक्य फार महत्त्वाचं आहे.

बांधावरून

मी थोडं उलट बोलतो, रागावू नका. 'जवळचं ते टिकाऊ' हे मला अर्धंच पटतं. पूर आला की अख्खं खोरं बुडतं, त्यात शेतकरी पण बुडतो आणि त्याचा वाटा घेणारा पण. जोखीम वाटून घेतली पण सगळे एकाच पुरात असतील तर वाटली काय? विमा कंपन्यांना हे कळतं म्हणून त्या लांब लांबच्या जोखमी एकत्र करतात. तेव्हा गट जवळचा हवा पण त्याचं नातं दूरच्या गटांशी पण हवं, डोंगरातल्यांनी सपाटीतल्यांशी, कोरड्या भागाने ओल्या भागाशी.

पण फक्त दूरच्या बाजारावर विसंबलं तरी काय होतं ते २००७-०८ मध्ये बघितलंय. तांदळाचं पीक जगात काही मोठं बुडालेलं नव्हतं, तरी एकापाठोपाठ एक देशांनी निर्यात बंद केली आणि घाबरून बाकीच्यांनी साठे केले, भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. २०२२ मध्ये गव्हाचं तसंच, जगातल्या गव्हाच्या निर्यातीचा पाव भाग तरी रशिया आणि युक्रेनमधून जायचा, काळ्या समुद्रातली बंदरं अडली आणि हजारो मैलांवर पाव महागला. क्यूबाचं उदाहरण सगळे देतात, सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तेल खत सगळं आटलं आणि लोकांनी शहरातल्या रिकाम्या जागांवर भाजीपाला पिकवला, ते खरंच कौतुकाचं आहे, पण तिथे आजही अन्नाचा मोठा भाग आयातच होतो. वाफ्यातला भाजीपाला पोट भरायच्या धान्याची जागा घेत नाही. तेव्हा जवळचं की दूरचं असं भांडण लावू नका, एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी आहे का एवढं बघा.

मातीवेडी

@बांधावरून रागावण्याचं काहीच नाही, हा मुद्दा धाग्यात हवाच होता. एकाच पुरात सगळे असतील तर वाटणी फसवी ठरते हे अगदी खरं. दूरच्या गटांशी नातं मात्र संकट यायच्या आधी जोडलेलं पाहिजे, ऐनवेळी अनोळखी माणसाला कोणी ट्रक पाठवत नाही.

@हिशेबी ऐपतीप्रमाणे आकडा सांगण्याची पद्धत मला फार आवडली. त्यात लोक कमीच आकडा सांगत असतील अशी शंका येते ना पहिल्यांदा?

हिशेबी

येते शंका. पण खर्चाचा कागद समोर असला आणि शेतकरी स्वतः खोलीत बसलेला असला की फार कमी लोक तसं करतात. चेहरा ओळखीचा असणं हाच तिथला लगाम. म्हणूनच गट फार फुगला की ही पद्धत ढिली पडते.

अनघड

लगामावरून आठवलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळालेल्या पहिल्या महिला. त्यांनी जगभरातली सामायिक कुरणं, जंगलं, मासेमारी, पाण्याचे पाट यांचा अभ्यास करून दाखवलं की लोक सामायिक गोष्ट उधळूनच टाकतात हे खरं नाही, काही ठिकाणी शेकडो वर्षं सांभाळलीये. जिथे टिकलं तिथे काही गोष्टी सारख्या दिसल्या. सभासद कोण आणि कोण नाही हे स्पष्ट, नियम त्या जागेला साजेसे आणि पाळणाऱ्यांनीच केलेले, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच, चुकलं तर पहिल्यांदा छोटी शिक्षा आणि मग वाढत जाणारी, भांडण झटपट आणि स्वस्तात मिटवायची सोय, आणि वरच्या सरकारने यांचा नियम करायचा हक्क मानलेला.

स्पेनमधल्या वालेन्सियात पाण्याचं न्यायमंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतं, शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी, वकील नाही, सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथे. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेतलं की गुरुवारी सगळ्यांदेखत उभं राहायचं. शेकडो वर्षं चालू आहे.

आणि इंडोनेशियातल्या बाली बेटावरची सुबक, म्हणजे शेतकऱ्यांची पाणीवाटपाची संघटना. भातखाचरांचं पाणी देवळांच्या जाळ्यामार्फत ठरतं, वरच्या आणि खालच्या शेतांच्या पाळ्या जुळवलेल्या. १९७० च्या दशकात नवे वाण आले आणि सांगितलं गेलं की ज्याला जमेल तेव्हा लावा, वर्षात जास्त पिकं घ्या. पाळ्या मोडल्या. एकाच वेळी सगळी शेतं पडीक राहायची थांबली, त्यामुळे किडीला बाराही महिने खायला मिळालं, कीड हाताबाहेर गेली. स्टीफन लॅन्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत कॉम्प्युटरवर मॉडेल करून दाखवलं की देवळांच्या पाळ्या पाणी आणि कीड दोन्हीचा तोल सांभाळत होत्या. वरच्या शेतकऱ्याने पाणी सोडायचं कारणही यातच आहे, खालच्याशी एका वेळी पडीक ठेवलं नाही तर कीड त्याच्याकडेही येते. दोघांनाही दुसऱ्याची गरज आहे म्हणून करार टिकतो. नवीन गट करणाऱ्यांनी हे बघावं, आपल्या गटात प्रत्येकाची दुसऱ्यावाचून कुठली गोष्ट अडते? ज्याचं काहीच अडत नाही तो पहिल्या वाईट वर्षात निघून जाणार.

नदीकाठी

आता लिहिते. वर कोणीच बोललं नाही ते म्हणजे काम कोण करतं. फोन करणं, वाटे मोजणं, न आलेल्यांचे वाटे सांभाळणं, रुसलेल्यांची समजूत, हिशेब, क्रेट धुणं. हे सगळं स्वयंसेवेच्या नावाखाली दोनतीन जणींवर पडतं, हो जणींवरच. मी ज्या गटात होते तिथे शेतकऱ्याची जोखीम वाटून घेतली पण गट चालवायचा भार कोणी वाटून घेतला नाही. सांभाळणारी आजारी पडली आणि वाटपच बंद झालं. तेइकेईचं पण पुढे काय झालं बघा, ते गट घरी असलेल्या बायकांच्या बिनपगारी वेळेवर उभे होते, बायका नोकऱ्यांना लागल्या तसे बरेच गट आटत गेले. मातीवेडी, तुम्ही लिहिलेल्या तत्त्वांमध्ये वाटप आपापलं करायचं असं आहे ना, तिथे हा वेळ गृहीत धरलाय.

माझं स्पष्ट मत आहे की गटाच्या खर्चात समन्वय करणाऱ्याचा पगार पहिल्या दिवसापासून धरा. परवडत नसेल तर वाटपाचे दिवस कमी करा पण फुकट राबवू नका. आणि एका माणसाला जे माहिती आहे ते दुसऱ्या कोणाला तरी माहिती पाहिजेच, पासवर्डपासून शेतकऱ्याच्या फोनपर्यंत.

मातीवेडी

@नदीकाठी अगदी वर्मावर बोट ठेवलंत. धाग्याच्या शीर्षकात नुकसान लिहिलंय, त्यात हा वेळ पण धरायला हवा. पगाराच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा.

कणगी

साठवणुकीबद्दल लिहितो. जगात सुगीपासून दुकानापर्यंत पोचेपर्यंत अंदाजे १४ टक्के अन्न वाया जातं असं एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) २०१९ मध्ये सांगितलं, आणि त्यापुढे दुकानं, हॉटेलं, घरं मिळून २०२२ मध्ये सुमारे १०५ कोटी टन गेलं हा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आकडा, त्यातला ६० टक्के घरातला. म्हणजे पिकवायची धडपड करून मग सांडून टाकतो आपण.

पण गटाच्या दृष्टीने साठवण म्हणजे भाव धरून ठेवायची ताकद. सुगीला सगळे एकदम विकतात कारण सगळ्यांना एकदम पैसे लागतात, भाव पडतो, आणि तोच माणूस चारसहा महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो. नायजरमध्ये यावर चांगली सोय आहे, शेतकरी गटाने गोदामात धान्य ठेवतात, दाराला दोन कुलुपं, एकाची किल्ली गटाकडे आणि दुसऱ्याची कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोघं आले तरच दार उघडतं. धान्य तारण ठेवून कर्ज मिळतं, लगेचची गरज भागते, आणि भाव चढल्यावर विकून कर्ज फेडायचं. त्याच भागात चवळी साठवायच्या तिहेरी पिशव्या पण पसरल्या, आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं, तोंड घट्ट बांधलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि भुंगा मरतो, औषध लागत नाही. पिशवी एकट्याला घेता येते. दोन कुलुपांचं गोदाम एकट्याला नाही जमत.

बांधावरून

दोन कुलुपांची कल्पना एक नंबर.

सांजवेळ

सरकारचा विषय आला नाही अजून. ब्राझीलच्या बेलो ओरिझोंची शहराने १९९३ मध्ये ठरवलं की अन्न हा नागरिकाचा हक्क आहे, त्यासाठी महापालिकेत वेगळं खातं काढलं. स्वस्त जनता भोजनालयं, शेतकऱ्यांना थेट विक्रीला मोक्याच्या जागा, शाळेतलं जेवण, हे सगळं एका छताखाली. नंतर २००९ मध्ये देशाचा कायदा झाला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के हिस्सा कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च करायचा. हिशेबी म्हणाले ना की गरीब बाहेर राहतात, तर शाळेच्या ताटातून गरिबाचं मूल आत येतं आणि आधी पैसे भरायची अट पण राहत नाही. शेतकऱ्यालाही वर्षभराचं नक्की गिऱ्हाईक.

आणि उलटं उदाहरण श्रीलंका. २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एकदम बंद, तयारीला वेळ नाही, पुरेसं सेंद्रिय खत नाही, शेतकऱ्यांना विचारलं नाही. भाताचं उत्पादन घसरलं, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. हेतू चांगला असेल नसेल, पण सगळी जोखीम परत कोणावर टाकली? शेतकऱ्यावरच.

नवखा गडी

सगळा धागा एका दमात वाचला, खूप आभार सगळ्यांचे. आम्ही काही कुटुंबं आणि ओळखीचे काही शेतकरी मिळून पुढच्या हंगामापासून सुरुवात करतोय. लेखी करार करावा का? काही जण म्हणताहेत की ओळखीत लिहून कशाला घ्यायचं, विश्वास नाही असं वाटेल.

मातीवेडी

लिहाच. एक पान पुरे. पीक पूर्ण गेलं तर शेतकऱ्याला किती रक्कम तरीही मिळणार, अर्धं आलं तर वाटे कसे पाडणार, खूप आलं तर जास्तीचं कुठे जाणार, आणि मध्येच कोणी गट सोडला तर त्याचा वाटा कोण घेणार, एवढं आत्ता शांतपणे ठरवा. शेतकऱ्याने मुद्दाम दुर्लक्ष केलं असं वाटलं तर बघायला कोण जाणार हेही लिहा, शक्यतो गटाबाहेरचा एक जाणता शेतकरी. पहिल्या वर्षी अर्धाच माल गटाला आणि अर्धा नेहमीच्या बाजाराला ठेवला तर दोघांनाही हात मोकळा राहील.

अनघड

आणि त्या पानावर सह्या करताना शेतकऱ्यांनी पण अटी घालायला हव्यात, फक्त घेणाऱ्यांनी नाही. वाटा न्यायला वेळेवर न येणाऱ्याचं काय करायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

नदीकाठी

@नवखा गडी समन्वयाचा पगार त्याच पानावर. विसरू नका.

नवखा गडी

लिहून घेतलं. येत्या बैठकीत मसुदा मांडतो, झाला की नावं गाळून इथे टाकेन, त्यावर कसून बोला. बांधावरून, दुसऱ्या खोऱ्यातल्या एखाद्या गटाशी नातं जोडायचं तर सुरुवात कशाने करावी?

बांधावरून

बियाण्याने करा. तुमचे दोन वाण त्यांच्याकडे लावायला द्या, त्यांचे दोन तुमच्याकडे घ्या, आणि सुगीनंतर दोन्हीकडचं थोडं थोडं बियाणं एकमेकांकडे ठेवायचं असं ठरवा. खर्च जवळजवळ नाही, आणि दर हंगामाला बोलणं होतं.